दोष : एक पोचा

उंची एकवीस सेंटिमीटर. कथील, थोडं अँटिमनी, तांबं नावापुरतं.
चपट्या पोटावर उठावाची मासळी,
बुचाच्या टोकाला बोराएवढी गोटी.
तळाशी कारखान्याचा शिक्का आणि सालाचं अक्षर :
मी ताडून पाहिलं, एकोणीसशे चौतीस.
इथवर सोपं असतं.
लिलावाच्या यादीत यापुढे एक रकाना येतो, ‘दोष’,
आणि एक, ‘मूळ मालक’.

गुनवोरबाई ती लोकरीच्या मोज्यात घालून घेऊन आल्या.
वेस्टरविकच्या बंदरातलं बर्फ अजून फुटलं नव्हतं.
वय शहाऐंशी. सही हातमोजा न काढता.
“वडिलांची का?” मी विचारलं. सगळ्या वडिलांच्याच असतात.
“लिहा हवं तर,” म्हणाल्या,
आणि खुर्ची ओढून बसल्या,
म्हणजे लिहायचं नव्हतं.

यॉर्डिस, त्यांची आई, त्याच कारखान्यात पॉलिशच्या चाकावर.
सात वर्षं. नखांत राखाडी, रुमालात राखाडी,
शिंकली तरी राखाडी.
फोरमन तिला कथलाची कांडी वाकवून ऐकवायचा :
शुद्ध कथील वाकताना ओरडतं, खरंच,
बारीक, करकरत,
गोठलेल्या तळ्यावर पहिलं पाऊल पडावं तसं.
चिमूटभर अँटिमनी घाल,
कडक होतं, चकाकतं, नक्षी धरतं.
आणि गप्प बसतं.

लग्न ठरलं तेव्हा चाकावरच्या पोरींनी वर्गणी काढून
ही बाटली दिली. तिनंच घासलेली.
तिनं लगेच ओळखली, मासळीच्या शेपटीखाली
चाक किंचित जास्त टेकलं होतं.
पुढच्या सोमवारी दारूच्या दुकानात
काउंटरवरच्या माणसानं तिचं शिधापुस्तक मागून घेतलं,
आडवी रेघ मारली.
“आता घरात एक आहे ना, यजमानांचं.”
इतकं सभ्यपणे की तिनं आभार मानले.

चार वर्षं बाटली कपाटावर.
मासळी कोरड्यात पोहत राहिली.

मग शाळेतल्या सिगरून एकवाल, मास्तरीणबाई.
लग्न केलेलं नाही, म्हणून पुस्तक शाबूत.
दारूबंदी मंडळाच्या चिटणीस, कोटावर निळी फीत,
आणि दर तिमाहीला दुकानाच्या रांगेत ताठ उभ्या,
हक्काची एक बाटली, पावतीची नीट घडी.
गावात कुजबुज. बाईंना ऐकूच जात नसे.
रविवारी प्रार्थनेनंतर शाळेच्या स्वयंपाकघरात
नरसाळ्यानं ओतायच्या,
तोंड खिडकीकडे फिरवून, वास नको म्हणून.
गुनवोर बाकावर बसून घोडे काढायची.
“मला हे पटत नाही,” बाई दर खेपेला म्हणायच्या,
“पण ती रेघ त्याहून पटत नाही.”

यॉर्डिस प्यायची किती? दोन घोट.
कधी तेवढेही नाही.
ओठांवर शहाजिऱ्याचा वास, कोटाच्या आत बाटली,
एका हाताला पोर, आणि परतीची वाट निसरडी.
पोचा तिथला.
नवऱ्याला सांगितलं, देवळाच्या पायरीवर पडले.
अर्धं खरं होतं.

“ठोकून काढू?” मी म्हटलं. “आमच्याकडे कारागीर आहे.
कथील मऊ, ऐकून घेतं. भावही चढेल.”
गुनवोरबाईंनी हातमोजा काढला, पहिल्यांदाच,
आणि पोच्यात अंगठा ठेवला.
“तिचा नेमका बसायचा,” म्हणाल्या. “माझा जरा मोठा आहे.”

मूळ मालक : यॉर्डिस.
आडनाव लग्नाआधीचं घाला म्हणाल्या,
अक्षरं एकेक करून सांगितली, दोनदा.
बूच काढून मी हुंगलं.
वासाला यादीत रकाना नाही.

साडेपाचशे क्रोनरला गेली, फोनवरून,
माल्मोच्या कुणा दंतवैद्याला, त्याला मासे आवडतात.
पैसे घ्यायला गुनवोरबाई एप्रिलात आल्या,
मोजले नाहीत.
मोजा तेवढा परत मागितला.
दुसरा घरी एकटाच आहे म्हणे.